लेम्पी कोर्पेलाचा पासपोर्ट

लेम्पी कोर्पेला कधी कुणाशी भांडली नाही. दुकानदाराने वजनात मारलं तरी ती मुकाट्याने पिशवी उचलायची आणि घरी येऊन एकटीच भांडी आपटायची. अशा बाईने देशाच्या सरकारशी सहा वर्षं वाद घातला, असं आमच्या खाणीच्या वस्तीत आजही अभिमानाने सांगतात. सांगताना एवढंच गाळतात की ती सहाही वर्षं भीतीने अर्धी झाली होती. तिला जेवण जात नव्हतं. गल्लीत गाडी थांबली की ती हातातलं काम टाकून भिंतीला लागून उभी राहायची.

आमची वस्ती मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात. घरं कंपनीची, धूळ तांबडी, आणि माणसं बहुतेक फिनलंडहून आलेली. लेम्पी आली ती एकोणतीस साली. बाविशीतच नवरा तळ्यात बुडून गेला होता. दोन वर्षांची इर्या पदरात होती, आणि फिनलंडमधल्या काउहावाच्या शेतात तिघींचं पोट भरत नव्हतं. इर्याला आपल्या आईपाशी ठेवून ती लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाकाला आली. थोडी वर्षं राबायचं, हातात काही आलं की पोरीला बोलावून घ्यायचं, असं ठरलं होतं.

तसं झालं नाही. आधी मंदीने तळ बंद पडले. मग तिने उर्हो कोर्पेलाशी लग्न केलं, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, इर्याच्या तिकिटाची जमवाजमव झाली, आणि तिकडे युद्ध पेटलं. समुद्र बंद झाला. युद्ध संपून बोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा इर्या वीस वर्षांची, इस्पितळात नर्स झालेली होती. तिने लिहिलं, "मी आता इथून हलणार नाही. तुम्हाला यावंसं वाटलं तर तुम्ही या."

आईला 'तुम्ही'. तिकडे खेड्यात तशी जुनी रीत होती, पण लेम्पीला तो शब्द प्रत्येक वेळी बोचायचा.

उर्हो सत्तेचाळीसमध्ये खाणीत दगडाखाली गेला. साधा, हसरा माणूस. आमच्या कामगार हॉलच्या बँडमध्ये तो कॉर्नेट नावाची छोटी पितळी तुतारी वाजवायचा. हॉलमध्ये नाच व्हायचे, नाटकं व्हायची, कधी कुणी शिकागोहून येऊन मजुरांच्या राज्याबद्दल भाषण ठोकायचा. लेम्पीचं काम मागच्या खोलीत कॉफी उकळायचं आणि वेलदोड्याचा गोड पाव कापायचं. भाषणं तिला दारातून अर्धीमुर्धी ऐकू यायची आणि त्यातलं फारसं पटायचंही नाही.

इर्याने तिथेच लग्न केलं, आणि बावन्न साली तिला दिवस गेले. डॉक्टर म्हणाले होते, तिचं हृदय नाजूक आहे. ते वाचल्यावर लेम्पीने आयुष्यातला पहिला पासपोर्ट मागितला. उत्तर वॉशिंग्टनहून आलं. तिचा प्रवास देशाच्या हिताचा नाही, असं त्यात होतं. ती तशीच पोस्टातून निघून समोरच्या घरात, तायमीकडे गेली.

तायमी तिची सगळ्यात जवळची मैत्रीण. जीभ तिखट आणि हात सढळ. तिने कागद दोनदा वाचला.

"देशाचं हित," ती म्हणाली. "तू काय जहाज बुडवणार आहेस? तुला तर पोहताही येत नाही."

"चेष्टा नको करूस, तायमी."

"मग काय करू, रडू? हॉलमुळे आहे हे. तिथं जाणारा प्रत्येक जण त्यांना कम्युनिस्ट वाटतो. सगळ्या पट्ट्यात हेच चाललंय. त्या दिवशी वरच्या वस्तीतल्या सुताराला घेऊन गेले. चाळीस वर्षं इथं राहिलेला माणूस, आता परत पाठवतायत."

हे बोलताना तिने आत पाहिलं. आतल्या खोलीत तिचा नवरा कल्ले खोकत होता. कल्ले तेरा साली आला होता आणि त्याने नागरिकत्व कधी घेतलंच नव्हतं. आज घेऊ, उद्या घेऊ करत राहिला. हॉलच्या कामात मात्र तो सगळ्यांच्या पुढे असायचा.

सरकारची माणसं आली ती शनिवारी दुपारी. लेम्पी मागच्या अंगणात सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवत होती, हात राखेने भरलेले. दोघे होते. त्यांतला ब्रॅडिश नावाचा बोलायचा, दुसरा लिहायचा. ब्रॅडिश तरुण होता, आवाज मऊ होता, आणि दारात त्याने बूट नीट पुसले. त्या बूट पुसण्यानेच लेम्पीची पंचाईत झाली. एवढ्या सभ्य माणसाला रागावून बाहेर काढता येत नाही.

तिने कॉफी ठेवली. कप ब्रॅडिशपुढे सरकवला.

"मुलीला भेटायला जायचंय ना?" ब्रॅडिश म्हणाला. "चांगली गोष्ट आहे. मलाही आई आहे. पण एक समजून घ्या, मिसेस कोर्पेला. पासपोर्ट हा काही तुमचा हक्क नाही. सरकार देतं ती सवलत आहे. सरकारला तुमच्याबद्दल खात्री हवी."

"कसली खात्री?"

"तुम्ही आमच्या बाजूच्या आहात याची. गुरुवारच्या सभांना हॉलमध्ये कोण कोण यायचं, एवढं सांगा. बाकी मी बघतो."

लेम्पीने मान वळवली. खिडकीतून समोरचं घर दिसत होतं. तायमी दोरीवर चादर वाळत घालत होती, आणि कल्ले पायरीवर बसून चिमटे पुढे करत होता. लेम्पीला वाटलं, आपण आत्ता, या क्षणी त्याचं नाव सांगून टाकणार. ते अगदी दातांपाशी आलं होतं. काहीतरी बोलायलाच हवं होतं, नाहीतर तेच बाहेर पडलं असतं. म्हणून ती म्हणाली, "उर्हो कोर्पेला."

दुसऱ्याने लिहून घेतलं.

"आणि?"

"मॅटी सालो." मॅटी क्षयाने जाऊन बरीच वर्षं झाली होती. "थोरला हाकाला." तो त्याच्याही आधी. "व्हिएनो राउता. ती नाटकात राणी व्हायची." व्हिएनो बाळंतपणात गेली होती. एकदा वाट सापडल्यावर लेम्पी थांबलीच नाही. कब्रस्तानातल्या रांगेतून चालावं तशी ती एकेक नाव घेत गेली, आणि तो माणूस प्रत्येकाचं स्पेलिंग विचारून लिहीत गेला. निघताना ब्रॅडिशने तिचा हात हातात घेऊन आभार मानले.

ते गेल्यावर ती सौनाच्या फळीवर जाऊन बसली. आग विझून गेली होती. तिला आपली हुशारी वगैरे काही वाटली नाही. पहिलं नाव उर्होचं घेतलं, हेच डोक्यात फिरत राहिलं. तो असता तर पोट धरून हसला असता, हे तिला ठाऊक होतं. तरीही.

दोन आठवड्यांनी ते परत आले. या वेळी बूट पुसले नाहीत, आणि कॉफीला हात लावला नाही.

"तुम्ही आम्हाला कब्रस्तान लिहून दिलंत," ब्रॅडिश म्हणाला. आवाज तसाच मऊ. "मला वरून बोलणी बसली. ठीक आहे. पण तुम्ही इथं जन्मलेल्या नाही आहात, हे विसरू नका. तुमचं नागरिकत्व कागदावर मिळालंय. कागदावरची गोष्ट पुन्हा तपासता येते."

त्या दिवसापासून लेम्पीची खरी दशा सुरू झाली. शाळेच्या स्वयंपाकघरात ती बारा वर्षं काम करत होती. मुख्याध्यापकांनी बोलावून काही दिवस घरी विश्रांती घ्यायला सांगितलं, आणि ते दिवस कधी संपलेच नाहीत. रस्त्यात ओळखीच्या बायका पिशवीत काहीतरी शोधायला लागायच्या. तिने उर्होची बँडच्या गाण्यांची वही चुलीत घातली. अर्धी जळाल्यावर हात घालून उरलेली बाहेर काढली आणि बोटं भाजून घेतली. तायमीला तिने मागच्या दाराने यायला सांगितलं.

"मागच्या दाराने?" तायमी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी काय चोर आहे? का तुझा यार आहे मी?"

"तुझ्यासाठीच म्हणते गं. कल्लेसाठी."

तायमीचे कमरेवरचे हात खाली आले. मग हळू आवाजात तिने विचारलं, "कल्लेचं नाव घेतलंस?"

"नाही."

"खरं सांग. मी काही म्हणणार नाही."

"नाही घेतलं. पण घेणार होते. तोंडात आलं होतं."

तायमी खाली बसली आणि बराच वेळ तिने लेम्पीचा भाजलेला हात आपल्या मांडीवर धरून ठेवला. त्यानंतर ती पुढच्याच दाराने येत राहिली.

तिकडे इर्या सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला. कळवलं ते चार ओळीत. शेवटी होतं, "तुम्ही आला नाहीत. सवय आहे."

एका संध्याकाळी कल्ले स्वतः आला. त्याला आता चार पावलं टाकली तरी दम लागायचा. खाणीची धूळ छातीत बसली होती. टोपी गुडघ्यावर ठेवून तो म्हणाला, "लेम्पी, माझं नाव देऊन टाक त्यांना."

"काहीतरीच काय."

"काहीतरीच नाही. मला कुठं पाठवणार? फिनलंडला? जाईन की. माझ्या भावाचं घर आहे, समोर नदी आहे. तुझी पोर तिथं, तू इथं, आणि मध्ये मी म्हातारा अडकलोय, हे मला बघवत नाही."

"आणि तायमी?"

तो टोपी फिरवत राहिला. लेम्पीने त्याला कॉफी दिली आणि पाव बुडवून खाऊ घातला. त्या क्षणी हो म्हणावं असं तिला किती वाटलं, हे तिने पुढे फक्त तायमीला सांगितलं.

तायमीनेच तिला डुलूथच्या हॅलोरन वकिलाकडे नेलं. हॅलोरन आयरिश, जाडजूड, सदा सर्दी झालेला. लेम्पीने त्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं, "वकीलसाहेब, मला भांडायचं नाही. त्यांनी माझं नागरिकत्व काढलं तर मी कुठली राहीन?"

"तो धोका आहे," हॅलोरन म्हणाला. "नाही म्हणून तुम्हाला फसवणार नाही."

"तो माणूस म्हणतो, माझा हक्कच नाही. राज्यघटनेत लिहिलंय का हो कुठं, बाहेरदेशी जाता येतं म्हणून?"

"नाही. कुठेच नाही."

लेम्पी उठायलाच निघाली.

"बसा हो. लग्न करता येतं, असं तरी कुठं लिहिलंय? पोर वाढवता येतं, सकाळी कॉफी पिता येते? ज्यांनी ती घटना लिहिली त्यांनाही ही धास्ती होती. आपण चार हक्क लिहिले तर उद्या कुणीतरी म्हणेल, एवढेच तुमचे, बाकीचे आमचे. म्हणून त्यांनी मागे एक ओळ जोडली. इथं लिहिला नाही म्हणून लोकांचा हक्क गेला असं समजू नये. आणि तिच्याखाली दुसरी ओळ. केंद्र सरकारला जे अधिकार दिले तेवढेच त्याचे, न दिलेले राज्यांकडे आणि लोकांकडे." त्याने नाक शिंकरलं. "तेव्हा तुमचा हक्क कुठं लिहिलाय हे तुम्ही दाखवायचं नाही. तुम्हाला अडवायची परवानगी त्यांना कुणी दिली, हे त्यांनी दाखवायचं."

"कोर्ट असं मानतं?"

"कोर्टं त्या ओळीकडे फारशी बघत नाहीत," हॅलोरन म्हणाला. "तेही खरं आहे."

तायमी म्हणाली, "हा पहिला वकील बघितला जो स्वतःची केस घरीच हरून दाखवतो." पण लेम्पीला त्याचं तेच बरं वाटलं. तिने सही केली. बाहेर येताच मात्र तिने तायमीला विचारलं, सही परत घेता येते का.

सुनावणी पंचावन्न साली मिनियापोलिसला झाली. मोठी खोली, लांब टेबल, पलीकडे पासपोर्ट खात्याचे तिघे, आणि त्यांच्या बाजूला ब्रॅडिश. लेम्पीने उर्होच्या दफनाला घातलेला काळा झगा घातला होता, कारण तिच्याकडे तोच चांगला होता. मधल्या माणसाने चष्मा सारखा केला आणि विचारलं, "घटनेच्या कुठल्या कलमाखाली तुमचा हा हक्क येतो?"

हॅलोरनने आपलं म्हणणं मांडलं. त्या दिवशी त्याची सर्दी नेमकी जोरात होती आणि निम्मे शब्द रुमालात गेले. तिघांनी ऐकून घेतलं. मग मधला लेम्पीकडे वळला.

"वकील राहू द्या. हॉलमध्ये येणाऱ्या, आज हयात असलेल्या माणसांची नावं सांगा, आणि हा विषय आज इथेच मिटेल."

हॅलोरनने तिला शिकवून ठेवलं होतं की एवढंच म्हणा, 'वकिलांच्या सल्ल्यावरून मी उत्तर देत नाही.' लेम्पीला त्यातला एक शब्द आठवला नाही. ती उभी राहिली. तिच्या मोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, "साहेब, मी फार घाबरलेली बाई आहे. तुम्ही विचारत राहिलात तर मी सांगेन. सगळ्यांची नावं सांगेन. म्हणून विनंती करते, मला विचारू नका."

लिहिणाऱ्या बाईने हात थांबवला. ब्रॅडिश आपल्या नखांकडे बघत होता. मधल्या माणसाने कागद उलटसुलट केले, आणि खरोखर, पुन्हा विचारलं नाही. कामकाज संपल्याचं सांगून तो उठला.

पासपोर्ट तरीही नाकारलाच. महिन्याभराने कळवलं. हॅलोरन दावा घेऊन कोर्टात गेला आणि ते प्रकरण रेंगाळत पडलं. लेम्पीने दोनदा त्याला दावा मागे घ्यायला सांगितलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "उद्या घेऊ," आणि घेतला नाही.

सत्तावन्नच्या थंडीत कल्ले गेला, आपल्या अंथरुणावर, तायमीच्या हातांत. जमीन इतकी गोठली होती की खड्ड्यासाठी आधी शेकोटी पेटवावी लागली. परतताना तायमी लेम्पीच्या दंडाला धरून चालत होती.

"आता तो तुझ्या लोकांत बसला," ती म्हणाली. "आता दे त्याचं नाव. त्यालाही बरं वाटेल."

लेम्पीला हसू फुटलं, आणि हसता हसता दोघी रस्त्यावर थांबून रडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या सर्वोच्च कोर्टाने निकाल दिला, तोही लेम्पीच्या दाव्यात नाही. दुसऱ्याच दोघांचा खटला होता. नऊपैकी पाच न्यायाधीश म्हणाले, देशाबाहेर जाणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. आणि एखाद्याच्या मतांवरून पासपोर्ट अडवायचा अधिकार कायद्याने सरकारी खात्याला दिलेलाच नव्हता. त्या जोडलेल्या ओळीचं नावही निकालात नव्हतं. हॅलोरन फोनवर म्हणाला, "चार जण विरुद्ध गेले. थोडक्यात वाचलो." त्याचा आवाज मात्र लहान पोरासारखा झाला होता.

पासपोर्ट आला तेव्हा लेम्पीने तो उघडला नाही. यात काहीतरी सापळा असणार असं तिला वाटत होतं. शेवटी तायमीने तो उघडून फोटो पाहिला आणि म्हणाली, "या बाईला मीही देशाबाहेर सोडलं नसतं." आणि मग तिची बॅग भरायला घेतली.

न्यूयॉर्कच्या धक्क्यावर, जहाजाच्या शिडीवर, मध्य समुद्रातसुद्धा लेम्पी वाट बघत होती की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून परत चला म्हणेल. कुणी म्हटलं नाही. पण काउहावाच्या स्टेशनात गाडी शिरू लागली तेव्हा ती ब्रॅडिशसमोरही घाबरली नव्हती इतकी घाबरली. फलाटावर एक उंच, रुंद हाडाची बाई उभी होती, शेजारी पाच वर्षांचा मुलगा. लेम्पीला वाटलं ही आपली आईच आहे. आई तर नऊ वर्षांपूर्वी गेली होती.

"प्रवास कसा झाला तुमचा?" इर्याने विचारलं आणि हात पुढे केला. दोघींनी हात मिळवले.

पहिले काही दिवस असेच, पाहुणीसारखे गेले. मग एकदा बटाटे सोलताना इर्याने मान वर न करता विचारलं, "का आला नाहीत तुम्ही?"

"सरकारने सोडलं नाही."

"तीस वर्षं?"

लेम्पीने सुरी खाली ठेवली. सगळं सरकारवर ढकलणं सोपं होतं, आणि इर्याने बहुधा ते मानलंही असतं. "सहा वर्षं," ती म्हणाली. "त्याआधी युद्ध होतं. त्याच्याही आधी मला येता आलं असतं. एकदा तिकिटापुरतं जमलं होतं. मला भीती वाटली. तू मला ओळखणार नाहीस, आजीच्या पदराआड लपशील, म्हणून. मी पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं, आणि मग पुढचं वर्ष आलंच नाही."

इर्या सोलत राहिली. बटाटा संपला तरी तिची सुरी चालूच होती.

"लपलेच असते मी," ती शेवटी म्हणाली. "पण आजीने बाहेर ओढलं असतं."

लेम्पी तिथं पानं गळेपर्यंत राहिली. नातवाला तिने पाव मळायला शिकवलं, आणि इर्यासोबत आईच्या थडग्यावर गेली. इर्याने 'तुम्ही' सोडलं नाही. पण निघायच्या दिवशी स्टेशनात गाडी हलल्यावर ती डब्याबरोबर चालत आली आणि म्हणाली, "आई, पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं येऊ. ते येऊ देतील ना आम्हाला?"

"माहीत नाही गं," लेम्पी खिडकीतून म्हणाली. "अर्ज कर. मी हॅलोरनला विचारते."